ताप मेंदूत गेला म्हणजे नेमकं काय होतं?

पोळा होऊन आठवडा झाला होता. केज तालुक्यातल्या आमच्या गावी वहिनी तीन दिवसांपासून तापाने पडून होती. चौथ्या दिवशी पहाटे ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, "कुठंतरी काहीतरी जळायलंय." चूल विझलेली, गॅस बंद. दादाने सगळं घर हुंगून पाहिलं, गोठ्यात जाऊन आला, कडब्याच्या गंजीभोवती फेरी मारली. कुठे काही नव्हतं. वहिनीला मात्र दिवसभर जळका वास येत राहिला. दुपारी तिने परातीत पीठ घेतलं आणि पाणी न घालता कोरडंच मळत बसली, बराच वेळ. संध्याकाळी स्वतःच्या धाकट्या पोराला विचारलं, "तू कुणाचा रे?"

दादाने मला फोन केला. मी अंबाजोगाईत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, म्हणून घरातल्या दुखण्याखुपण्याचे फोन माझ्याकडे येतात. मी म्हणाले, "अशक्तपणा असेल, ताप उतरला की होईल नीट." ते वाक्य मला अजून छळतं. पुढच्या दोन दिवसांत वहिनी वारलेल्या सासूशी बोलायला लागली आणि भावकीतल्या बायांनी ठरवून टाकलं, सासू आली अंगात. तिला पाहणाऱ्याकडे नेलं, अंगारा लावला, लिंबू उतरवून टाकलं. सातव्या दिवशी आकडी आली, तेव्हा कुठे जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं.

निदान झालं ते हर्पिस विषाणूमुळे झालेल्या मेंदूज्वराचं. मधले जे तीन दिवस वाया गेले, त्यांच्यापायी मी हे लिहिते आहे.

हर्पिस सिम्प्लेक्स हा काही दुर्मीळ विषाणू नाही. तापानंतर ओठाच्या कडेला पाणेरी फोडांचा झुबका उठतो, तो यानेच. जगातल्या पन्नाशीच्या आतल्या साधारण दोन तृतीयांश लोकांच्या अंगात तो असतो. बहुतेकांना लहानपणीच मिळतो आणि मग चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत जन्मभर झोपून राहतो. दरवर्षी दहा लाखांत दोन-चार माणसांमध्येच तो मेंदूत शिरून आग लावतो. त्यांच्यातच का, याचं पूर्ण उत्तर नाही. काही मुलांमध्ये जन्मतःच प्रतिकारशक्तीतला एखादा दुवा निकामी असतो, एवढं सापडलेलं आहे.

हा विषाणू मेंदूत गेला की वाटेल तिथे बसत नाही. त्याची जागा बहुधा ठरलेली असते: कानशिलाच्या आतला भाग आणि कपाळामागचा खालचा भाग. वासाची ओळख, ताजी आठवण, भीती, माया, माणसं ओळखणं, वागण्याचा लगाम, ही सगळी कामं याच परिसरात चालतात. आता वहिनीची लक्षणं पुन्हा पाहा. नसलेला जळका वास. मळायचं आठवतं, पाणी घालायचं आठवत नाही. स्वतःचा पोरगा परका. मेलेली सासू समोर. एकेक लक्षण मेंदूच्या त्या पेटलेल्या भागाचं नाव घेऊन सांगत होतं आणि आम्ही सगळे अमावास्या मोजत होतो.

औषध आहे, आणि जुनं आहे: असायक्लोव्हिर. १९८०च्या दशकात स्वीडन आणि अमेरिकेत झालेल्या चाचण्यांनी ते सिद्ध झालं. त्याआधी उपचार न मिळालेल्या शंभर रुग्णांतले सत्तरेक दगावत; वेळेवर औषध मिळालं तर हा आकडा विसाच्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. ते गोळीने भागत नाही. सलाईनमधून, दर आठ तासांनी, १४ ते २१ दिवस द्यावं लागतं. यात वेळेला फार किंमत आहे. दाखल झाल्यावर दोन दिवसांच्या पुढे औषध लांबलं तरी परिणाम बिघडतात, मग आमच्यासारखं घरीच दिवस घालवले तर काय होत असेल? म्हणूनच शहाणे डॉक्टर अहवालाची वाट न बघता, नुसत्या संशयावर औषध सुरू करतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत केलेली तपासणी कधीकधी खोटी 'निल' येते, हेही त्यांना माहीत असतं.

तपासणीवरून आठवलं. मणक्यातलं पाणी काढायचं म्हटलं की आपल्याकडे घरचे लोक सही करायला तयार होत नाहीत. "पाणी काढलं की माणूस पांगळा होतो" हे मी त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात चार तोंडांनी ऐकलं. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो. सुई त्याच्या बरीच खाली घालतात, जिथे पाण्यात तरंगणारे नुसते धागे असतात. काही दिवस डोकं दुखू शकतं. आधी मेंदूवरचा दाब आणि रक्त गोठण्याचं प्रमाण पाहून घेतात, आणि धोका वाटला तर डॉक्टर स्वतःच थांबतात. हर्पिस आहे, की क्षयाचा मेंदूज्वर, की आणखी काही, हे त्या चार चमचे पाण्यातून कळतं. सही करा.

आता जरा मागे जाऊन पाहू. मेंदूभोवतीची राखण आपल्याकडच्या जुन्या गढीसारखी असते. रक्तवाहिन्यांची भिंत इतकी घट्ट, की रक्तातल्या बहुतेक गोष्टींना आत प्रवेश नाही. विषाणू आत जातात ते तीन वाटांनी. काही मज्जातंतूंच्या आतून सरपटत वर चढतात. काही पांढऱ्या पेशींच्या पोटात लपून, जणू पहारेकऱ्याच्याच कपड्यात, आत येतात. एचआयव्ही असाच पोचतो. आणि कधी शरीरातली सूज इतकी वाढते की दरवाजाच सैल पडतो.

आत गेल्यावरचं नुकसानही एकाच तऱ्हेचं नसतं. विषाणू स्वतः पेशी मारतो, हे सगळ्यांना कळतं. पण पुष्कळदा विषाणूपेक्षा त्याला हुसकावणारी आपलीच फौज जास्त मोडतोड करते. आणि तिसरी गोष्ट अशी, की ती फौज ओळख चुकते. मेंदूतल्या पेशींवर संदेश घेणाऱ्या काही खिट्ट्या असतात. शरीर त्याच खिट्ट्यांवर हल्ला करणारी प्रतिद्रव्यं तयार करतं. होसेप डालमाऊ या स्पॅनिश मेंदूतज्ज्ञाने २००७ मध्ये अशा एका आजाराचं वर्णन केलं. त्यात तरुण बायका अचानक संशयी होत, ओरडत, न दिसणारं पाहत, तोंडाच्या विचित्र हालचाली करत, आणि थेट मनोरुग्णालयात पोचत. रक्तात आणि मणक्याच्या पाण्यात ती प्रतिद्रव्यं सापडली आणि योग्य उपचारांनी त्यातल्या बऱ्याच जणी उठून चालायला लागल्या. जगभरच्या मनोविकारतज्ज्ञांना या शोधाने खडबडून जागं केलं.

याचा हर्पिसशी संबंध आहे. स्पेनमधल्या एका अभ्यासात हर्पिसच्या मेंदूज्वरातून वाचलेल्या ५१ रुग्णांवर नजर ठेवली, तर त्यातल्या १४ जणांना पुढच्या काही आठवड्यांत हा दुसरा, फौजेच्या चुकीचा आजार झाला. म्हणजे विषाणू गेला, औषध संपलं, माणूस घरी आला, आणि महिन्याभरात पुन्हा वेड्यासारखं करायला लागला, तर "मागचंच उलटलं" किंवा "आता डोक्यावर परिणाम झाला" म्हणून गप्प बसू नये. पुन्हा दवाखाना गाठावा, कारण त्याचा इलाज वेगळा आहे आणि तो आहे.

वहिनीला हे झालं नाही. तिचं जे गेलं ते वेगळं. लग्नातली गाणी तिला सगळी येतात, जात्यावरच्या ओव्या येतात, पण सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. पूर्वी कधी आवाज न चढवणारी ती, आता लहानशा गोष्टीवरून ताट फेकते आणि घटकाभराने ताट कुणी फेकलं म्हणून विचारते. गॅसजवळच्या खिळ्याला दोरीने एक वही बांधलेली आहे. आमटीत मीठ घातलं की ती त्यात लिहिते, "मीठ घातलं." शेजारीपाजारी अजून म्हणतात, तिला वेड लागलं. तिच्या मेंदूच्या एका भागाला इजा झालेली आहे, जशी अपघातात पायाला होते.

मराठवाड्यासाठी मला सगळ्यात जवळचा वाटतो तो मात्र गोवराचा विषय. दादा ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम आहे. दसरा झाला की कोयते निघतात, साखर कारखान्यांच्या फडाकडे, आणि पाडव्याच्या सुमारास परततात. कडेवरची पोरं सोबत असतात. गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान द्यायची असते. ज्या पोराला कार्तिकात नऊ महिने भरतात, ते तेव्हा कोपीत असतं, कार्ड गावच्या पत्र्याच्या पेटीत असतं आणि नाव इथल्या आशाताईच्या यादीत असतं.

गोवर निघतो, उशाला कडुलिंबाचा पाला ठेवतात, आठवड्यात अंग स्वच्छ होतं. पण काही थोड्या मुलांच्या मेंदूत गोवराचा विषाणू मागे राहतो. तो आपलं रूप बदलतो, गपगार पडून राहतो आणि बहुधा सहा ते दहा वर्षांनी उठतो. सुरुवात कशी होते ते ऐका, कारण आम्हा शिक्षकांना ती आधी दिसते. हुशार पोरगं अभ्यासात मागे पडायला लागतं. अक्षर बिघडतं. चिडचिड, हट्ट, कारण नसताना रडणं. घरचे म्हणतात टारगट झालं, आम्ही म्हणतो लक्ष नाही. काही महिन्यांनी चालता-चालता अंगाला एकदम हिसका बसायला लागतो, हातातली पेन्सिल उडते, पोरगं धाडकन पडतं. मग बोलणं जातं, गिळणं जातं. एक ते तीन वर्षांत बहुतेक मुलं जातात. डॉक्टर याला एसएसपीई म्हणतात. बरं करणारं औषध आजही नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातल्या नोंदींवरून जे गणित निघालं, ते असं: पाच वर्षांच्या आत गोवर झालेल्या १,३६७ मुलांमागे एकाला हा आजार, एक वर्षाच्या आत झाला असेल तर ६०९ मुलांमागे एकाला. जितकं लेकरू लहान, तितका धोका मोठा. लसीतल्या विषाणूमुळे हा आजार होत नाही, हेही तपासलेलं आहे. मागे २०२२ मध्ये मुंबई, मालेगाव, भिवंडीत गोवराची साथ आली. त्या वेळच्या तान्ह्यांपैकी कुणाच्या मेंदूत तो दबा धरून बसला असेल, ते आणखी काही वर्षांनी कळेल. लस कुठल्याही सरकारी केंद्रावर मिळते, कारखान्याच्या गावातही. गाव बदललं म्हणून ती नाकारता येत नाही.

इतर विषाणूंबद्दल थोडक्यात. जपानी मेंदूज्वर डासांतून येतो, भातशेती आणि डुकरं असलेल्या भागात जास्त, त्यामुळे आपल्यापेक्षा विदर्भाच्या पूर्वेकडे त्याचा जोर. त्यातून वाचलेल्यांपैकी ३० ते ५० टक्के लोकांना कायमचं काहीतरी राहून जातं: आकडी, मंदपणा, वागण्यातला बिघाड. चांदीपुरा हा तर महाराष्ट्राच्या गावाचं नाव घेऊन फिरणारा विषाणू. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या त्या गावातल्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या संशोधकांना तो सापडला. वाळूमाशी चावून तो लहान मुलांना होतो आणि एक-दोन दिवसांतच परिस्थिती हाताबाहेर जाऊ शकते.

रेबीज मात्र थोडक्यात आटपता येणार नाही. कुत्रं चावल्या जागेवरून तो मज्जातंतूंमधून हळूहळू मेंदूकडे चढतो, म्हणून मधे बहुधा महिना ते तीन महिने जातात आणि माणूस विसरूनही जातो. मग भीती, भास, अंगावर धावून जाणं, पाणी पाहिलं की घशाला कळ. अशा माणसाला कुणी मांत्रिकाकडे नेतं, कुणी मनोविकारतज्ज्ञाकडे. लक्षणं दिसल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. लक्षणांआधी मात्र जवळजवळ सगळे वाचतात: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, त्याच दिवशी लस सुरू करायची, सगळे डोस पुरे करायचे, आणि जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेतच द्यायचं वेगळं इंजेक्शन मागून घ्यायचं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुत्रं, साप, विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हाही गुन्हाच आहे. गावात दोन्ही चालतं आणि तक्रार कुणी करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

इथवरचं सगळं पक्कं आहे. याच्या पुढची वाट तितकी पक्की नाही.

विषाणू मेंदूत न शिरताही मन बिघडवू शकतो का? १९१८ च्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत. त्या साथीनंतर बोस्टनच्या मनोरुग्णालयात आलेल्या शंभर रुग्णांबद्दल कार्ल मेनिंजर यांनी १९१९ मध्ये लिहून ठेवलं आहे. त्याच सुमारास, १९१७ मध्ये, व्हिएन्नात कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो यांनी झोपेच्या एका विचित्र मेंदूज्वराचं वर्णन केलं. त्यातून उठलेली गुणी मुलं चोऱ्या करायला, चावायला लागली, मोठी माणसं वर्षानुवर्षं पुतळ्यासारखी बसून राहिली. तो आजार दहा-बारा वर्षांत ओसरला आणि त्याचं कारण कधीच सापडलं नाही. फ्लूशी त्याचं नातं बरेच लोक जोडतात, पण पुरावा नाही.

कोविडनंतर हा प्रश्न पुन्हा वर आला. २०२१ मध्ये २,३६,३७९ कोविड रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सहा महिन्यांत साधारण तीनातल्या एकाला मेंदूच्या किंवा मनाच्या आजाराचं निदान मिळालेलं दिसलं. असं निदान आयुष्यात पहिल्यांदाच झालेले तेराच्या आसपास टक्के होते. फ्लूच्या रुग्णांपेक्षा हे प्रमाण जास्त होतं. पण यात विषाणूचा वाटा किती, आणि भीतीचा, घरातल्या मृत्यूंचा, बुडालेल्या रोजगाराचा किती, हे नोंदींवरून वेगळं काढता येत नाही.

एक पुरावा मला मात्र फार बोलका वाटतो. हिपॅटायटिस सी साठी पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. इंटरफेरॉन हे आपलंच शरीर विषाणूशी लढताना बनवतं ते रसायन. ही इंजेक्शनं घेणाऱ्यांपैकी दर तीन-चार जणांमागे एकाला खरंखुरं नैराश्य येई, आधी काहीही नसताना. म्हणजे लढाईचं रसायन एकटंही मन पाडू शकतं. आजारी कोंबडी मान टाकून कोपऱ्यात बसते, दाण्याला शिवत नाही, ते याच रसायनांपायी. बहुतेकांमध्ये ताप गेला की ही उदासी जाते. काहींमध्ये ती का रेंगाळते, यावर सध्या जगभर काम चालू आहे.

स्किझोफ्रेनियाचं प्रकरण जास्त धूसर आहे. फिनलंडमध्ये १९५७ ची फ्लूची साथ ज्यांच्या आईच्या गरोदरपणाच्या मधल्या तिमाहीत आली, त्यांच्यात हा आजार जास्त आढळला, असं १९८८ मध्ये प्रसिद्ध झालं. नंतरच्या अभ्यासांत ते कधी दिसलं, कधी नाही. उलट बाजूची एक आशेची गोष्ट म्हणजे नागिणीची लस. वेल्समध्ये २ सप्टेंबर १९३३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ती घेता येत होती, आधी जन्मलेल्यांना नाही. एवढ्या एका तारखेने अलीकडचे आणि पलीकडचे लोक वेगळे झाले, बाकी सगळं सारखं. २०२५ मध्ये छापलेल्या या अभ्यासात लस घेतलेल्यांमध्ये सात वर्षांत स्मृतिभ्रंश साधारण एक पंचमांशाने कमी दिसला.

यावरून कुणी असं समजू नये की प्रत्येक मनोविकारामागे विषाणू असतो. बहुतेकांत नसतो. तरुणपणी हळूहळू, महिनोन्‌महिने माणूस आतल्या आत जात गेला, ताप नाही, आकडी नाही, तर तो मनोविकारतज्ज्ञाचा विषय आहे आणि त्यावर चांगली औषधं आहेत. उगाच रक्तातली हर्पिसची प्रतिद्रव्यं तपासून पैसे घालवू नका. ती बहुतेक मोठ्या माणसांत सापडतातच, त्यावरून काही ठरत नाही. आणि आपल्याकडची भानामती? एका वस्तीतल्या बाया एकीपाठोपाठ एक कुत्र्यासारख्या भुंकायला लागतात, तिथे बहुधा विषाणूही नसतो आणि ढोंगही नसतं. वर्षानुवर्षं न बोलता आलेलं दुःख अंगातून बाहेर पडत असतं. त्या बाईला मार नको आणि सलाईनही नको, तिचं ऐकून घेणारं माणूस हवं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

फरक ओळखायचा कसा? वागणं काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत बदललं. सोबत ताप, डोकेदुखी, उलटी किंवा आकडी आहे. माणसं, वार, ठिकाण ओळखता येत नाही. नसलेलं दिसतं, नसलेला वास येतो. घटकेत शुद्धीवर, घटकेत भ्रमात. यातलं तापासोबत एकही असेल तर रात्र असली तरी निघायचं, आणि जिथे मेंदूचं स्कॅनिंग आणि मणक्याचं पाणी तपासायची सोय आहे तिथेच जायचं. डॉक्टरांना ताप कधी आला, वागणं कधी बदललं, दोन्ही तारखा सांगायच्या. कुत्रं चावलं होतं का, तेही. अंगारा लावायचा असेल तर गाडीत बसल्यावर लावा.

दादाच्या टोळीत साठेक माणसं आहेत. फडावरून कुणाचा तापाचा फोन आला की तो आता दोनच गोष्टी विचारतो: "माणसं वळखायलाय का? येड्यावानी बोलायलाय का?" गेल्या हंगामात त्याने अशा एका पोराला रात्री अकरा वाजता ट्रॅक्टरवरून तालुक्याला पाठवलं. मलेरिया निघाला, चार दिवसांत पोरगं कोयता घेऊन उभं राहिलं. आणि दसऱ्याआधी उचल वाटताना तो प्रत्येक जोडीकडून लेकराचं लसीचं कार्ड मागून पाहतो. कार्डं ठेवायला एक प्लास्टिकची पिशवी केली आहे. ती आता टोळीबरोबर फडावर जाते.